नकार नसलेली वही

एकशे चोवीस पानांपैकी एकशे अठरा पानं झाली होती. उरलेली सहा थोरली पुरवून पुरवून वापरत होती, घरातली साखर संपत आल्यावर चमचा सपाट करून घालतात तशी.

"जर्मन बाई उद्या दहाला येणार आणि तू अजून त्याच पानावर," टिटवी म्हणाली. टिटवी ही तिची दहा वर्षांची लेक. सकाळी डोळे उघडल्यापासून तोंड चालू, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. शाळेत ते कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत होऊ नये म्हणून ती फार जपायची.

"संपवीन ना."

"परवापण हेच म्हणालीस. सहाच तर पानं आहेत. मी एका बैठकीत संपवली असती."

थोरलीनं वहीच्या कडेवरून अंगठा फिरवला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचे कपडे दिले गेले, बूट दिले गेले. फोनमधला आवाज फोनबरोबर बिघडला. राहिली ती ही वही. जर्मन कंपनीशी व्यवहार सुरू झाला तेव्हा तो धंद्यापुरती जर्मन शिकला होता, एकट्यानं, पुस्तकांवरून. एका पानावर आठ शब्द. शब्द, उच्चार, अर्थ, आणि खाली त्यानं स्वतः जुळवलेलं वाक्य. आउफट्राग म्हणजे ऑर्डर. फेरट्राग म्हणजे करार. वारे म्हणजे माल. 'माल वाटेवर आहे.' या वाक्याशेजारी एक ट्रक काढलेला, त्याला चाकं तीनच. जो शब्द डोक्यात राहायचा नाही त्यापुढे पेन्सिलीची फुली. 'प्युंक्टलिश' म्हणजे वेळेवर, त्यापुढे सहा फुल्या होत्या. 'उर्लाउब' म्हणजे सुट्टी. 'ऑगस्टमध्ये मला सुट्टी आहे.' आणि पुढे आपल्या भाषेत, बारीक अक्षरात, 'कधीतरी'.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी तिनं ही वही उघडली होती. तेव्हा रोज एक पान व्हायचं. पुढे रोज अर्धं. मग आठवड्याला एक. वही संपली की त्याचं बोलणं संपणार होतं, आणि हे दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं. टिटवीला वाटायचं, आईला शब्द पाठ होत नाहीत. म्हणून ती रोज शाळेतून आली की बाईंसारखी पट्टी घेऊन समोर बसायची.

"लीफरफ्रिस्ट?"

"माल पोचवायची मुदत."

"फेरश्पेटुंग?"

"उशीर."

"शाब्बास. आई, एक विचारू? या वहीत 'नाही' कुठंय?"

"म्हणजे?"

"शाळेत नवीन भाषा सुरू केली की पहिल्या दिवशी काय शिकवतात? हो आणि नाही. बाबांनी 'हो' लिहिलंय पहिल्याच पानावर. 'या'. मग 'अर्थातच'. मग 'करून देतो'. हो म्हणायचे अकरा प्रकार आहेत, मोजलेत मी. 'नाही' एकही नाही. 'जमणार नाही' नाही, 'शक्य नाही' नाही. एकच आहे, तोपण 'काही अडचण नाही' मधला." टिटवीनं पट्टी वहीवर आपटली. "आणि माफीचे सात आहेत."

थोरली हसायला गेली आणि मध्येच थांबली. तिनं वही ओढून घेतली आणि मागून पुढे चाळत नेली. पोर बरोबर सांगत होती.

"जर्मनमध्ये 'नाही'ला काय म्हणतात ते तुला माहितीय का तरी?" टिटवीनं विचारलं.

"नाइन. ते कुणालाही माहीत असतं."

"मग लिहिलं का नाही बाबांनी?"

का लिहिलं नाही ते थोरलीला लगेच कळलं होतं. या घरात ते कुणालाही कळलं असतं. अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, त्रेचाळीस वर्षांपूर्वी एका पत्र्याच्या शेडमध्ये ब्रशांचा कारखाना काढला त्या दिवशी एकच नियम केला होता: गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही. मुलांना पाढे यायच्या आधी हा नियम यायचा. त्यामुळे जर्मन शिकताना तिच्या नवऱ्यानं तो शब्द गाळला असेल असंही नव्हे. तो लागेल असं त्याच्या मनातच आलं नसेल.

*

धाकटीला, म्हणजे थोरलीच्या जावेला, सकाळपासून नवऱ्याचा राग आला होता, पण हात रिकामे नव्हते म्हणून तो कुठे ठेवायचा ते सुचत नव्हतं.

ओढकामाची खोली तिच्या ताब्यात होती. तिच्यासकट अकरा जणी. समोर शिकंज्यात धरलेली गोल लाकडी चकती, तिला दोनशे सोळा भोकं. चिमटीत केसांची जुडी घ्यायची, मागच्या बाजूनं तारेचा फास भोकातून वर काढायचा, जुडी त्यात अडकवून दुमडत खाली ओढायची, आवळायची, पुढचं भोक. मशीनवर हेच काम मिनिटभरात होतं, पण मशीन भोकात लोखंडाची पट्टी ठोकतं, आणि जर्मन कंपनी ज्या काचा चमकवायची त्यांना ती पट्टी निघाली तर ओरखडा जायचा. म्हणून हातानं ओढलेले ब्रश. म्हणून धाकटीच्या उजव्या तर्जनीवर कातड्याची टोपी, आणि टोपीखाली सोळा वर्षांत घट्टे पडलेलं बोट.

तिचा नवरा दारातून डोकावला. घरात तो धाकटा, आणि चाळिशी उलटली तरी धाकटाच. आज त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बाई आली की सगळ्यांनी हसतमुख दिसा. ती मुदतीचं काढणार. सहा आठवडे म्हणाली तर सहा."

"दोन हजार चकत्या आहेत."

"आधी हो म्हणायचं, मग बघायचं."

"मग बघायचं म्हणजे कुणी बघायचं?"

"तू आहेस ना," तो प्रेमानं म्हणाला आणि गेला. त्याला वाटलं, आपण बायकोचं कौतुक केलं.

शेजारची ओढकरीण खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही आहात ना, बाई!" आणि दोघीतिघी फुसफुसल्या. धाकटीही हसली. तार मात्र जरा जास्तच आवळली गेली आणि तुटली.

तेवढ्यात थोरली आत आली. ती या खोलीत फारशी येत नसे. दोघी जावांचं दोन वर्षं जेवढ्यास तेवढं होतं. थोरला गेल्यावर ऑफिसातली त्याची खुर्ची धाकट्याला मिळेल असं सगळ्यांनीच धरलं होतं. तेराव्या दिवशी थोरली पत्रं बघायला म्हणून तिथे बसली, आणि मग उठलीच नाही. कोणी ऊठ म्हणालंही नाही.

"तुला एक विचारायचं होतं," थोरली म्हणाली. "दोन हजार चकत्या. रात्री न बसता, रविवार न मोडता. किती आठवडे?"

धाकटीनं वर पाहिलं. टोमणा असेल असं तिला वाटलं. पण थोरलीच्या हातात कागद होता, आणि पेन्सिल.

"लाकूड वाळायला चार," ती म्हणाली. "ते कमी होत नाही, ताई. भट्टीत घातलं की चकती पुढे तडकते. ओढायला पाच. मागचं झाकण चिकटवून दाबाखाली ठेवायचं, एक. दहा."

"दहा म्हणजे दहा?"

"माझ्या बोटांना विचारा."

थोरलीनं लिहून घेतलं. मग जाता जाता दाराशी वळली. "ते गेले तेव्हा कितवा आठवडा होता गं?"

"सहावा," धाकटी म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. सहाव्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, तिच्याच शेजारच्या शिकंज्यापुढे थोरल्या भाऊजींनी डोकं टेकलं होतं. सलग नऊ रात्री ते ओढायला बसले होते. त्यांनी टेकवलेलं डोकं बघून धाकटी म्हणाली होती, घरी जाऊन झोपा ना जरा.

*

जर्मन बाई साठीच्या आसपासची होती. सपाट बुटांची, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. हात मिळवण्याआधी तिनं नमुन्यांच्या खोलीतल्या टेबलावरचा एक ब्रश उचलला, पालथा केला आणि झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. मग समाधानानं मान हलवून हात पुढे केला.

"हेर्त्सलिश विलकोमन," थोरलीनं तिचं स्वागत केलं.

बाई थबकली. गेली दोन वर्षं कारखान्याशी तिचा पत्रव्यवहार इंग्रजीतून चालला होता, तेवढी इंग्रजी पत्रं धाकटा लिहायचा. आता ती भराभर जर्मन बोलू लागली, आणि थोरलीनं हात वर करून "सावकाश" म्हटल्यावर हसून सावकाश बोलू लागली. पहिलंच वाक्य थोरलीच्या नवऱ्याबद्दल होतं. "एस टूट मीर लाइट." मला वाईट वाटतं.

हे वाक्य थोरलीला येत होतं. माफीच्या पानावर ते तिसरं होतं. 'उशीर झाला याचं मला वाईट वाटतं.' त्यानं किती पत्रांत ते लिहिलं असेल. आज तेच वाक्य त्याच्यासाठी म्हणून कोणीतरी तिला परत देत होतं. त्याला उत्तर काय द्यायचं ते वहीत नव्हतं. ती नुसती "डांके" म्हणाली. धन्यवाद.

टेबलाच्या डोक्याशी अण्णा बसले होते, दोन्ही हात काठीवर. धाकटा त्यांच्या उजवीकडे. धाकटी दाराशी उभी. थोरलीला वाटलं, इतक्या माणसांत आपण बसलोय आणि आपल्याला जे ऐकू येतंय ते यातल्या एकालाही येत नाही. ज्याला आलं असतं, तो नाही.

काम मात्र चाललं. आउफट्राग, दोन हजार. केसांची लांबी. झाकणाची जाडी. बाईनं विचारलं की थोरली सांगायची, अडली की कागदावर आकृती काढायची. शब्द येत गेले. तिला आपलंच नवल वाटलं. एका वाक्याला बाई मोठ्यानं हसली, तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावरही हसू आलं, न कळताच.

मग बाईनं आपली वही मिटली आणि भिंग खाली सोडलं.

"क्योनन झी इन झेक्स वोखन लीफर्न?"

सहा आठवड्यांत पोचवाल का. यातला शब्द न् शब्द थोरलीला कळला. उत्तरंही सगळी जागच्या जागी होती. अर्थातच. करून देतो. काही अडचण नाही. त्याच्या तिरक्या अक्षरातली, एकाखाली एक.

"काय म्हणते? सहाच ना?" धाकट्यानं बाईनं वर केलेल्या सहा बोटांकडे बघून विचारलं, आणि थांबलाच नाही. "या! या!"

"सूनबाई," अण्णा हळूच म्हणाले. एवढंच. पण त्यात सगळं आलं.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी नवऱ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या बोटावरची कातडी टोपी काढत होती, घालत होती.

"नाइन," थोरली म्हणाली.

नुसता 'नाही' किती उघडा असतो ते तिला म्हटल्यावर कळलं. त्याच्यावर काहीतरी पांघरायला हवं होतं, आणि तसले शब्द तिला कोणी शिकवलेच नव्हते. जे होते तेवढ्यातून तिनं जुळवलं. लाकडाला वेळ लागतो. "त्सेन वोखन." दहा आठवडे. मग एका शब्दासाठी ती थांबली, सहा फुल्या डोळ्यांपुढे आल्या, आणि ती म्हणाली, "आबर प्युंक्टलिश." पण वेळेवर.

बाईनं मिटलेली वही पुन्हा उघडली. मग बोलली. एकेक शब्द सुटा करून बोलली, लहान मुलाला सांगावं तसं, म्हणजे त्यातला एकही निसटू नये.

"काय म्हणाली?" बाईचं संपताच धाकट्यानं विचारलं.

"दहा चालतील. पण मग वर्षात एक खेप कमी. पाव ऑर्डर ती दुसरीकडे देणार, मशीनच्या ब्रशांना."

"एवढंच? बरंच बोलत होती की."

"बाकी काही नाही," थोरली म्हणाली.

*

गाडी फाटकाबाहेर गेली तरी धाकटा हात हलवत होता. आत आल्यावर तो हात त्यानं टेबलावर आपटला.

"पाव ऑर्डर! बसल्या जागी पाव ऑर्डर घालवली! वहिनी, खुर्चीत बसलं म्हणजे धंदा येत नाही."

"भाऊजी, सहात झालं नसतं."

"ते तुम्ही ठरवणार? तुम्ही कधी एक चकती ओढली आहेत?"

"मी ओढते," धाकटी दारातून म्हणाली. "दहा मीच सांगितले."

धाकट्यानं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो नुसता गोंधळला होता, चालता चालता पायरी नसावी तिथे पाय टाकल्यासारखा. "तू? तू मला न सांगता...?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सोळा वर्षं झाली लग्नाला. तुम्ही एकदा विचारलंत? 'तू आहेस ना' म्हणता आणि जाता."

"कौतुकानं म्हणतो मी!"

"मग थोडं कमी करा कौतुक."

एरवी या वाक्यावर कोणीतरी हसलं असतं. धाकटीला स्वतःलाच हसू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. ती कोणाच्या बाजूला उभी आहे ते आता सगळ्यांना दिसत होतं, आणि आज घरी ताटाला ताट लावून जेवायचं होतं ते याच माणसाबरोबर.

अण्णा काठी टेकून उभे राहिले.

"थोरला तेवीस वर्षं या टेबलाशी बसला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "एकदाही नाही म्हणाला नाही. सहा म्हणाला की सहा. त्याची खुर्ची आहे ती, सूनबाई. माझा शब्द तू त्याच्या खुर्चीवर बसून मोडलास."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. तिला वाटलं, ही आता उठून जाईल.

"सहा नव्हते, अण्णा," थोरली म्हणाली. "कधीच नव्हते. ते सहा म्हणायचे. मग माफीचं पत्र जायचं, आणि माल आठव्या आठवड्यात. बाईंनी तेच सांगितलं आत्ता. पहिल्या वर्षापासून त्यांच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर आठच लिहिलेलं असायचं. सहा त्यांनी कधी धरलेच नव्हते. म्हणाल्या, 'तुमच्या नवऱ्याला मी हे सांगायला हवं होतं.' नऊ नऊ रात्री बसायचे ते, अण्णा. कशाला बसायचे? तिकडे कोणी वाट बघत नव्हतं."

धाकट्यानं खुर्ची ओढली आणि तीवर बसला. अण्णा बसले नाहीत. ते दाराकडे निघाले, आणि धाकटीनं बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

*

लाकूड वाळत ठेवायची शेड मागच्या अंगाला होती. फळ्यांच्या थप्प्या, दोन फळ्यांमध्ये वारा खेळावा म्हणून पातळ काठ्या घातलेल्या. अण्णा एका थप्पीपाशी उभे राहिले आणि त्यांनी सवयीनं फळीवर तळवा ठेवला. ओली. अजून तीन आठवडे तरी. हे त्यांना हातानं कळत होतं, कोणी न सांगता. मग त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सहा कसं सांगितलं?

सांगितलं, कारण पहिल्या वर्षी त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ना मशीन, ना ओळखी. 'हो' तेवढा होता. तेव्हा तो उपयोगी पडला. उपयोगी पडलेली वस्तू माणूस टाकत नाही, आणि अण्णांनी तर तिचा नियम केला, आणि पोरांच्या हातात दिला.

थोरल्याला ते आकडे शिकवायचे ते याच शेडमध्ये, चकतीच्या भोकांवरून. पोरगा भोकात बोट घालायचा आणि मोजायचा. चुकला की स्वतःच म्हणायचा, "परत करतो हं, अण्णा." रडायचा नाही, कंटाळायचा नाही. असा शहाणा पोरगा, असं अण्णा सगळ्यांना सांगायचे.

अठराव्या वर्षी त्याला पुढे भाषा शिकायच्या होत्या. मास्तर व्हायचं होतं. तशी शिक्षकांनी चिठ्ठी दिली होती, ती अण्णांनी वाचली होती. त्या दिवशी अण्णांनी त्याला एवढंच विचारलं होतं: "कारखान्यात येशील ना?"

"येईन," तो म्हणाला होता.

ही गोष्ट अण्णांनी किती जणांना सांगितली असेल. एका शब्दात आला माझा मुलगा, म्हणून. सांगताना छाती भरून यायची. पुढे जर्मन कंपनी आली आणि तो पुस्तकं आणून शिकायला बसला, तेव्हा अण्णा म्हणाले होते, बघ, शेवटी भाषा शिकलासच की. तो हसला होता.

आता तळव्याखाली ओली फळी होती, आणि अण्णा एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते. 'येईन' म्हणायच्या आधी तो किती वेळ थांबला होता? लगेच म्हणाला, की जरा थांबून? खाली बघून म्हणाला का? चेहरा कसा होता? त्यांना आठवेना. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. चिठ्ठीचा कागद आठवत होता, त्यावरची शाई आठवत होती. पोराचा चेहरा नाही. म्हणजे तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. त्यांना उत्तर माहीत होतं.

पलीकडे ओढकामाच्या खोलीतून बायकांचे आवाज येत होते, आणि त्यांना हाक मारायला कोणी येत नव्हतं.

*

पाच वाजता भोंगा झाला. ओढकरणी डबे वाजवत गेल्या. टिटवी शाळेतून परस्पर घरी गेली असणार आणि काय झालं ते ऐकायला दारात बसली असणार. थोरली ऑफिसात एकटी होती. समोर करार पक्का करणारं पत्र. जर्मनमधलं तिचं पहिलं. चार ओळी झाल्या होत्या आणि प्रत्येक ओळ तिनं तीनदा वाचली होती. बरोबर असेल, किंवा नसेल. तपासून घ्यायला या इमारतीत कोणी नव्हतं. शेवटी नाव, आणि नावाखाली हुद्दा लिहायचा होता. तिथे तिचा हात थांबला होता.

दारात काठीचा आवाज झाला. अण्णा या खोलीत कधी विचारून येत नसत. आज ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"येऊ का?"

"या ना."

ते आत आले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ती उठू लागली तर त्यांनी हातानं थांबवलं.

"उद्यापासून धाकटा तुला बोलणार नाही काही. मी बघतो त्याच्याकडे. इथलं सगळं तूच बघशील ना..." आणि ते थांबले. वाक्य अर्धवट सोडायची त्यांची पद्धत नव्हती. काठीची मूठ त्यांनी एकदा या हातात घेतली, एकदा त्या. मग पुन्हा सुरुवात केली, नवीन धडा वाचणाऱ्या मुलासारखी, अडखळत. "तुला बघायचंय का हे? कारखान्याचं?"

थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नुसते बघत होते, घाई नसल्यासारखे.

दोन वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही.

"माहीत नाही, अण्णा," ती म्हणाली. "धंद्यासाठी नव्हते मी शिकले ते सगळं."

"बरं."

"विचार करून सांगितलं तर चालेल?"

"चालेल. नाही म्हणालीस तरी चालेल. तू वेळ घे."

"आजचं हे पत्र मात्र मला लिहायचंय."

"लिही."

ते वळले. खांदे खाली आले होते, आणि उंबरा ओलांडताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बाहेर पडल्यावर दाराच्या कडीला हात लावून त्यांनी विचारलं, "ओढून घेऊ?"

"नको," ती म्हणाली. "उघडं असू दे."

त्यांनी कडी सोडली. अंगणातून जाताना काठी फरशीवर वाजत होती. ती आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिली, मग हुद्द्याची जागा तशीच कोरी ठेवून तिनं पाचवी ओळ लिहायला घेतली.